पेंगीला उठवायचं राहिलं

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचे. नोकरी आणि खोली एकाच फटक्यात मिळाली, अजून खरं वाटत नाही. टीव्हीवर लहान पोरांचा तो बाहुलीचा कार्यक्रम लागतो ना, पेंगीचा, तो जिथे बनवतात तिथे मी शिवणकामाला लागले. बाहुल्यांचे कपडे शिवायचे, फाटलेले सांधायचे, धुऊन इस्त्री करायचे. झगा वीतभर आणि इस्त्री माणसाची, त्यामुळे इस्त्री ठेवली की खालचा झगा दिसतच नाही. भिंगरीला त्याचं फार हसू आलं.

भिंगरी माझी मुलगी. चार वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव पडलं. दिवसा चालतं, पण ही रात्रीही झोपत नाही. उठून बसते, गप्पा मारते, रडते. आधीच्या घरमालकीणबाईंनी त्यापायीच खोली सोडायला लावली, म्हणाल्या सगळ्या बिऱ्हाडांच्या झोपेचं खोबरं होतंय. त्याआधी जाऊबाईंनी हेच केलं. वर टोमणा, की आईच धड नाही तर पोरगी कुठून धड निघणार. हिचा बाप तर केव्हाच दुसरीकडे गेला निवांत झोपायला.

इथली खोली मागच्या अंगाला, सामानाच्या कोठीला लागून. शेजार नाही. रात्री रडली तर ऐकायला फक्त बाहुल्या. मापं लिहायला कार्यक्रमाच्या साहेबांनी जाड वही दिली. बाहुलीची मापं ती किती असणार. उरलेल्या पानांवर हे लिहितेय. शाळा सातवीत सुटली, चुका असतील, पण वाचतंय कोण.

गुरुवार, ६

आज पहिल्यांदा काम चालू असताना बघायला मिळालं. मोठी शेड, खिडक्यांना काळा रंग. मधे उंच टेबलावर पेंगीची खोली. खाट, उशी, दात घासायचा ब्रश, खिडकीबाहेर कापडाचं आभाळ. भर दुपारी इथे रात्र होते. दिवेवाला शिडीवर चढून पिवळे दिवे उतरवतो आणि निळे लावतो. मग पेंगी दात घासते, पाय धुते, उशीशी भांडते, झोपते. परत निळे उतरवून पिवळे लावायचे की सकाळ. पेंगी आळस देते, तोंड धुते, केस विंचरून शाळेला निघते. दिवेवाला मला म्हणाला, वहिनी, इथे सूर्य माझ्या हाताखाली कामाला आहे, पण पगार त्याच्यापेक्षा कमी.

पेंगीच्या आत हात घालून तिला हलवतात त्या मावशी. सगळेच त्यांना मावशी म्हणतात. बाहुली हलवणाऱ्याला इथे नुसतं हात म्हणायची पद्धत आहे. हात आले का, हात चहा घेणार का, असं. मावशींची एक तऱ्हा आहे. दिवे बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात सगळे जेवून घेतात, पण मावशी पेंगीतून हात काढत नाहीत. खाटेजवळ तशाच बसून डाव्या हाताने जेवतात, सांडतात. साहेब म्हणाले, मावशी, ती काही पळून जात नाही. मावशी म्हणाल्या, झोपवलं की उठवायचं, मगच हात काढायचा. दिवेवाला मागून म्हणाला, मावशींचं लग्न लागलंय तिच्याशी. मीही हसले.

रविवार, ९

साहेबांनी नवी पेंगी करायला सांगितली. जुनीचं तोंड काळवंडलंय, केस गळलेत. कापडाला पैसे मागितले तर म्हणाले, घरातलंच काही जुनं बघा ना बाई, ती जुनी पण मावशींनी घरच्याच कापडाची केली होती. मग मी भिंगरीचं तान्हेपणीचं दुपटं घेतलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, बाहुलीच्या अंगाला अगदी बरोबर. केसांना लोकर आणली होती पण ती खोटी वाटत होती. उवा झाल्या तेव्हा भिंगरीचे केस कापले होते, ते मी पुडीत ठेवले होते. तेच बसवले.

माप घ्यायला आज दुपारी जुनी पेंगी पुरती उसवली. तुकडे सपाट करून त्यावरून नवी कापली. जुने तुकडे दिवेवाल्याला दिले, दिवे पुसायला चांगले. नवी अशी झालीय की भिंगरी म्हणते, ही मीच. आपल्या हाताचं काम बघून बरं वाटण्याची सवयच मोडली होती.

मंगळवार, ११

काल मावशी आल्या नाहीत. आज आल्या त्या केस न विंचरता, पायात दोन तऱ्हेच्या चपला. सरळ पेंगीच्या पेटीकडे गेल्या. नवी बघितली, हातात नाही घेतली. मला विचारलं जुनी कुठाय. मी सांगितलं उसवली. कधी उसवलीस. रविवारी दुपारी. तशा त्या जमिनीवरच बसल्या. मग विचारलं, हिला कापड कुणाचं घातलंस. मी सांगितलं. केस कुणाचे. तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरी, उसवू नकोस आता हिला, कध्धीच. आणि उठून निघून गेल्या. बाहुलीपायी एवढं. मला वाटलं, माझं काम चांगलं झालं ते टोचलं असेल. इथे तरी कुणाला माझं काही टोचावं.

हात गेला म्हणून साहेब चिडले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, बाई, तुम्ही शिवलीय ना, हात तुमचा बसेलच. बसला. मोज्यात पाय जावा तसा. आधी भीती वाटली, पण पोर झोपवायचं कुणी मला शिकवायचं का? चार वर्षं तेच करतेय. पेंगीची पापणी मी मिटली आणि मागे बसलेली भिंगरी खुर्चीतच कलंडली. गाढ. पिवळे दिवे लागेपर्यंत मी हात काढला नाही, मावशींची पद्धत म्हणून. पेंगीला उठवलं तर ही पण डोळे चोळत उठली. दिवेवाला म्हणाला, वहिनी, तुमचा पहिला प्रेक्षक घायाळ.

शुक्रवार, १४

रोज तसंच होतंय. पेंगी झोपली की भिंगरी झोपते. देवा, माझी पोर झोपते. मी मघाशी कोठीत बसून रडले, आनंदाने. जाऊबाईंना दाखवायला हवं होतं.

साहेबांनी आज नवीन ठरवलं. सारखे दिवे बदलण्यात दिवस जातो, तर आधी सगळ्या रात्री उरकून घ्यायच्या, सकाळी मागाहून एकदम. दिवेवाल्याने हात जोडले, म्हणाला शिडी वाचली. मी म्हटलं, मावशी तर झोपवून हात काढत नसत. साहेब म्हणाले, मग आता काय आठवडाभर बाहुली घालून हिंडणार? सगळे हसले. मी पण हसले आणि हात काढला.

सोमवार, १७

रात्रीवर रात्री. मी झोपवते, हात काढते, पेंगी पेटीत. भिंगरी शनिवारी थोडी उठली होती, दूध प्याली, बोलली नाही. काल मुतायला उठली तेवढीच. आज हलवलं तर डोळे अर्धे उघडले, मला बघितलं की नाही कळलं नाही. मागची झोप भरून काढत असेल. चार वर्षांची थकबाकी आहे.

मंगळवार, १८

उठत नाही.

पाणी मारलं. चिमटे काढले, वळ उठला, पोर नाही उठली. डॉक्टरांकडे नेली, खांद्यावर टाकून. त्यांनी सगळं तपासलं, म्हणाले काही झालेलं नाही, झोपलीय. मी म्हटलं तेच सांगतेय तुम्हाला. ते म्हणाले, बाई, लोक माझ्याकडे पोर झोपत नाही म्हणून येतात, तुम्ही नशीबवान.

रात्रीचे भाग आज संपले. साहेबांना विचारलं सकाळ कधी. त्यांनी मान हलवली. वरून निरोप आलाय, सकाळ बंद. सकाळी कुणाला वेळ आहे बघायला. आईबापांना पोरं झोपायला हवीत, उठवायला नाही, रात्रच चालते. मी म्हटलं एक सकाळ करा, एकच. ते म्हणाले, सेट मोडायला काढलाय. बाहेर आले तर माणसं खिडकीतलं कापडाचं आभाळ गुंडाळत होती.

बुधवार, १९

मावशींच्या घरी गेले. भिंगरीला कडेवर घेऊनच.

दार मावशींनी उघडलं, आतल्या खोलीत नेलं. खाटेवर त्यांची लेक. मोठी बाई, नोकरी करणारी, माझ्याच वयाची असेल. झोपलेली. ओठांवर चमच्याने लावलेलं पाणी सुकलेलं. मावशी म्हणाल्या, रविवारी दुपारी चहा पीत होती, कप हातातच कलंडला. जुनी पेंगी हिच्या लहानपणच्या फुलाफुलाच्या फ्रॉकची होती. मी तुझ्याएवढी असताना केली. माझ्याकडेही कापडाला पैसे नव्हते.

मी पाय धरले. त्या म्हणाल्या, पाय नको धरूस, तुकडे ठेवलेस का ते सांग. मी सांगितलं, दिवे पुसायला दिले. त्यांनी विचारलं, सगळे? मी हो म्हटलं. खूप वेळ त्या लेकीचे पाय चेपत बसल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

मग म्हणाल्या, तू झोपेत हात काढलास, आता आपणहून ती उठायची नाही. हात आत असेल तेवढीच जागी राहील. माझी गेली, तुझी तरी ठेव. जाताना परत बोलावलं. म्हणाल्या, पोरी, डाव्या हाताने जेवायला शीक.

गुरुवार, २०

डाव्या हाताने लिहितेय म्हणून असं वाकडं.

पेटीतून पेंगी आणली. कुणाला विचारलं नाही. इथे खोलीतच सकाळ केली. दिवा पिवळाच आहे. पेंगीला आळस द्यायला लावला, तोंड धुतलं, केस विंचरले. भिंगरीने डोळे उघडले. आई म्हणाली. भूक लागली म्हणाली.

मी हात काढत नाही आता. नाहीच.

शुक्रवार, २१

ती बसते. मी ठेवीन तिथे. मी पेंगीची मान वळवली की तिची वळते. हात खाली टेकवला की मांडीवर डोकं ठेवते. भिंगरी म्हणायचे हिला मी —

खेळ म्हटलं तर म्हणाली, तू खेळव ना.

दूध मला डाव्या हाताने पाजता येतं आता. मधे मी पेंगले, बोटं सैल पडली. तिच्या तोंडातलं दूध तसंच बाहेर ओघळलं. मला झोपून चालायचं नाही. मी झोपले तर —

जाऊबाई, बघा. झोपत नाही आता. पोरगी नाही, आई.

शनिवार, २२

साहेब येऊन गेले. रात्रीचे भाग लोकांना आवडले, अजून हवेत, सेट परत लावतायत. पेंगी द्या म्हणाले. मी नाही म्हटलं. म्हणाले, बाई, कापड तुमचं असेल, बाहुली आमची आहे. दिवेवाला पण होता. म्हणाला, वहिनी, तासाभरासाठी द्या, मी स्वतः परत आणून देतो. चांगला आहे तो. त्याच्या खांद्यावर दिवे पुसायचा तुकडा होता. फुलाफुलाचा.

मागितला मी. तो म्हणाला धुऊन देतो.

दार लावून घेतलंय. हाताला मुंग्या. कोपरापासून पुढे कळत नाही.

शनिवार, संध्याकाळ

ओढून घेतील म्हणून शिवली. पेंगीची कड माझ्या बाहीला शिवून टाकली, दुहेरी टाका. मग वाटलं बाही काय, कापडच. फाटतं. म्हणून बाहीच्या खाली शिवली. डाव्या हाताने टाका सरळ येत नाही. फार दुखलं नाही, हात बधीरच आहे. भिंगरी बघत होती. तिने स्वतःचं मनगट चोळलं.

सरळ नाही आला पण पक्का आलाय. माझी शिवण अशी उसवत नाही.

साहेब बाहेर आहेत. माणसं आणलीत. किल्ली त्यांच्याकडे आहे, खोली त्यांचीच ना. दिवेवाला म्हणतोय वहिनी उघडा, हिसकाहिसकीत फाटेल ती.

फाटेल.

भिंगरी मांडीवर आहे. विचारते आई, सकाळ झाली का. मी पेंगीची मान हलवली, हो. ती पण हलली. हसली. किती दिवसांनी —

कुलूप निघालं. मी पेंगीला छातीशी धरलंय, भिंगरीला पण, दोघी एकाच — ते हात धरतायत माझा, तो नाही, तो नका, त्यात माझी