अक्काचं नाव

तेर, मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. गावाच्या वंशावळीची वेबसाइट मी फुकट चालवतो, आणि वर बोलणी पण मीच खायची! आज चुलतभाऊ बाळूचा फोन. "अक्काचं नाव काढून टाक. तिची पोरं बघत्यात. उद्या जमिनीत वाटा मागतील."

अक्का त्याची सख्खी बहीण, यंदा पोळ्याच्या आधी वारली. स्वयंसेवकांसाठीचे नियम मीच लिहिलेत: जिवंत माणसाचं नाव दाखवायचं नाही, वारलेल्याचं काढायचं नाही. हे सांगितलं तर म्हणतो, "घरच्या माणसाला कसले नियम लावतो रं?"

सरळ नाही म्हणायचं होतं. अक्काचं नाव राहील, एवढंच. आणि मी काय म्हणालो? "बघू."

अक्का स्वतः वाटा मागायला आली होती, तेव्हा बाळूही "बघू"च म्हणाला होता.