तेवढं पान काढा

दि. ९ जानेवारी

चि. भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुमच्या दादांचा मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना खोकला येतो. न्हाणीघराचा नळ एकदाचा गळायचा थांबला. देवाच्या दयेनं चाललंय.

वाचनालयात आम्हा बायकांचं मंडळ आहे. दर बुधवारी एकेकीनं सांगायचं, सध्या काय वाचतेय. अट एकच: कथा-कादंबरी नको, खरं घडलेलं किंवा माहितीचं हवं. पहिल्या दिवशी मी स्तोत्रांचं पुस्तक नेलं, तर शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, हे देवासमोर वाचा!" तेव्हापासून मी मधमाश्यांवरचं एक जाडजूड पुस्तक धरलंय. एकदा आणलं की बरेच दिवस पुरतं, खेप वाचते.

गेल्या महिन्यात शिंपीणबाईंनी पोटाच्या विकारांचं पुस्तक सांगितलं. "माझं सगळं आहे हो त्यात!" मग हेडबाई उठल्या. शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वर्गातलाच. त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. "असा मुलगा पोटी यावा," म्हणाल्या. वर लेखक म्हणून तुमचं नाव आणि फोटो. आम्हाला तुम्ही प्रत पाठवली नव्हती, म्हणून मान लांब करून पाहिला.

हेडबाई वाचून दाखवू लागल्या. आईंचं शेवटचं आजारपण. तुम्ही त्यांचे केस विंचरलेत, चमच्यानं भरवलंत, रात्र रात्र उशाशी बसलात. शिंपीणबाई डोळे पुसत मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "तुमचे दीर ना हे? मग तुम्ही कुठं होता हो तेव्हा?"

"घरातच. चादरी धूत."

त्यांना थट्टा वाटली.

त्याचं मला काही नाही. दोनदा आलात, दोन्ही वेळा परतीचं तिकीट खिशात घालून. तरी सेवेचं पुण्य हवं असेल तर खुशाल घ्या. मी हिशेब ठेवणारी बाई आहे. माझं जिथं जमा व्हायचं तिथं झालंय.

पण मग ते पान आलं. अंथरूण कसं भरलं होतं, आईंच्या अंगाला कुठं कुठं काय माखलं होतं, त्यांचं उघडं अंग कसं दिसत होतं. वर उपमा! बायका हुंदके देत ऐकत होत्या. मी बाहेर जाऊन कठडा धरून ओकले. ते सगळं या हातांनी काढलं, तेव्हा कधी शिसारी आली नव्हती, भाऊजी. तुमच्या उपमांनी आली. आई डॉक्टरांपुढंसुद्धा चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायच्या, आणि तुम्ही त्यांना गावापुढं उघडं केलंत.

त्या सकाळी तुम्ही नाकाला रुमाल लावून दारात उभे होतात. मी पाहिलं. तुम्ही मागच्या मागे गेलात. आईंना धुऊन कोरडं केल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"धाकट्यानं पाहिलं का गं?"

"नाही हो आई. ते अजून झोपलेत."

"देवाशपथ?"

देवाशपथ, म्हटलं मी. जन्मात तेवढी एक खोटी शपथ घेतली. त्यावर त्या भिंतीकडं वळून शांत झोपल्या.

दुसरी आवृत्ती निघतेय असं हेडबाई सांगत होत्या. मंडळाला तुमचं भाषण हवंय आणि बोलावणं धाडायचं माझ्यावर आलंय. हेच ते बोलावणं. या. टाळ्या घ्या. जागरणं तुमची, भरवणं तुमचं, मी चकार शब्द काढणार नाही. फक्त नव्या आवृत्तीत ते पान नको. पुन्हा छापलंत, तर या घराची पायरी चढू नका.

उत्तर माझ्या नावे घाला. दादांना यातलं काही ठाऊक नाही. हेडबाईंची प्रत आणून रोज त्यांना वाचून दाखवते. भावाच्या कौतुकानं ऊर भरून येतो त्यांचा. त्या पानाशी आले की मी दोन पानं एकदम उलटते.

आईंची सून