टोर्स्टेनच्या मांडीतली साखर

स्टॉकहोम, १२ मार्च १९६७

ती. स्व. इंगेगर्डताईस,

धाकट्या मेर्ताचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? एलोफभाऊजींचा खोकला गेला असेल तर आनंद आहे, नसेल तर त्यांना पाइप सोडायला सांग. (सोडणार नाहीत, पण सांग.) आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे. आमचे हे महिनाभर विज्ञानाच्या कामी आले होते, ते आता कुठे परत घरी आलेत.

झालं असं, की जानेवारीच्या अखेरीस यांच्या बस डेपोत एकवाल नावाचा एक तरुण डॉक्टर धडधाकट पुरुष शोधत आला. मेहनत करताना शरीर जळण म्हणून काय वापरतं, ते त्याला पाहायचं होतं. (बायका का नकोत, असं मी यांना विचारलं. तर म्हणे मांडीत सुई खुपसतात, बायकांना सोसायचं नाही. ताई, माझ्या दोन्ही बाळंतपणांत दवाखान्याच्या बोळात घेरी येऊन कोण पडलं होतं, ते तुला ठाऊक आहे.) यांनी तात्काळ हात वर केला. शेहेचाळीस साली गावच्या स्कीच्या शर्यतीत हे तिसरे आले होते, हे आमच्या टपालवाल्यालासुद्धा पाठ आहे. त्या शर्यतीत चौथा कुणी नव्हताच, हे मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

प्रयोग असा. एका जागी ठोकलेल्या सायकलवर बसायचं आणि पाय निकामी होईपर्यंत पेडल मारायचं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि सोडलेला श्वास एका भल्यामोठ्या पिशवीत. पिशवीतली हवा तपासून डॉक्टर सांगतो, की अंगात चरबी जळतेय की साखर. मग मांडीतून सुईने तांदळाच्या दाण्याएवढं मांस काढतात. डॉक्टर एकदा आमच्याकडे कॉफीला आला होता, त्याने मला नीट समजावलं. पाव, बटाटे, लापशी जे आपण खातो, त्याची साखर होऊन स्नायूंत साठते. जोराचं काम पडलं की अंग आधी तिच्यावर हात मारतं. ती संपली की उरते चरबी. ती मुबलक असते (आमच्याकडे तर फारच), पण सावकाश जळते, तेवढ्यावर पायांना तो जोर टिकत नाही. साठ्याला त्याने ग्लायकोजेन असं नाव सांगितलं. हे शेजारी बसून अशी मान डोलवत होते, जणू त्यांनीच ते नाव ठेवलंय.

पहिल्या खेपेला तीन दिवस पाव-बटाटे चापून हे पावणेतीन तास सायकलवर टिकले. त्यात मांडीतला साठा पार रिकामा झाला. दुसऱ्या खेपेला तीन दिवस फक्त लोणी, अंडी आणि डुकराचं मांस, पावाचा कण नाही. तासाभरात पाय गळणार, असा डॉक्टरचा होरा होता. तो पहिला दिवस मी विसरणार नाही. सकाळी हे रेडिओवरच्या हवामानवाल्याशी भांडले. दुपारी म्हणाले, "मेर्ता, तू चमचा फार मोठ्याने ठेवतेस." मी चमचा हातातच धरून उभी होते. संध्याकाळपासून मात्र स्वारी एकदम गोड झाली, शीळ घालायला लागली. मला वाटलं, लोणी अंगी लागलं.

चौथ्या दिवशी हे सायकलवर बसले ते दोन तास वीस मिनिटं उतरलेच नाहीत. सुई म्हणाली साठा भरपूर, पिशवी म्हणाली साखरच जळतेय. डॉक्टर चक्रावला. लोण्याची साखर करणारा माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. हे घरी येऊन म्हणाले, "आमच्या घराण्यातच आहे ते." डॉक्टरने कोपनहेगनच्या एका मोठ्या प्राध्यापकांना पत्र टाकलं आणि ते हा चमत्कार बघायला येणार असं ठरलं. पंधरा दिवस आमच्या घरी चमत्कार नाश्ता करत होता, चमत्कार मोजे जमिनीवर टाकत होता.

तिकडे त्या बिचाऱ्या डॉक्टरने तोच आहार स्वतःवर करून पाहिला. बावन्नाव्या मिनिटाला सायकलवरून खाली. आपलंच काही चुकलं असं समजून त्याने पुन्हा तीन दिवस लोणी खाल्लं. प्राध्यापक आले त्या दिवशी तो त्यांच्यासमोर दुसऱ्यांदा चढला, चेहरा राखेसारखा, घामाने सदरा चिकटलेला, आणि तरी पेडल मारतोच आहे. हे दारात उभे होते. म्हणाले, "डॉक्टर, उतरा खाली. मी पाव खाल्ले."

"किती, टोर्स्टेन?" डॉक्टरने विचारलं.

"रोज नऊ. वेलदोड्याचे, गोड."

"आणले कुठून?"

"कुठून का असेनात. खाल्ले मीच."

प्राध्यापकांनी टोपी घातली आणि ते निघून गेले. एक नर्स तोंडावर हात धरून बाहेर पळाली. डॉक्टर फरशीवर बसला. मग म्हणाला, "म्हणजे माझं बरोबर होतं तर." त्याला रडायचं होतं की हसायचं, हे यांना कळलं नाही. कोपनहेगनला आता दुसरं पत्र गेलंय, ते पहिल्यापेक्षा पुष्कळ आखूड आहे.

तर असा तुझा मेहुणा. मांस खरं बोललं, माणूस खोटं बोलला. पाव मिळवले कुठून देव जाणे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मेर्ता

ता. क. डॉक्टर मोठ्या मनाचा निघाला. तो म्हणतो, ते तीन दिवस पुन्हा करा, यावेळी प्रामाणिकपणे. माझ्या घरात ते होणे नाही. म्हणून यांना शुक्रवारच्या गाडीने तुझ्याकडे पाठवतेय. आल्या आल्या थकेपर्यंत स्कीवर पिटाळ, म्हणजे साठा रिकामा होईल. मग लोणी, अंडी, मांस, बाकी काही नाही. आणि सरकारी हुकमाने येत्या सप्टेंबरापासून देशभरच्या गाड्या डावीकडून न जाता रस्त्याच्या उजवीकडून जाणार, हा विषय तिसऱ्या दिवशी काढू नकोस.

ता. ता. क. पाव मी भाजले होते. त्या चमच्याच्या दुपारी लगेच कणीक भिजवली, आणि तिन्ही दिवस यांच्या डब्याच्या पिशवीत नऊ-नऊ भरून ठेवले. प्राध्यापकांच्या देखत डॉक्टरने विचारलं, तरी यांनी माझं नाव घेतलं नाही. घरी येऊन झालेलं सगळं सांगितलं, पण मला बोल लावला नाही, नुसती पिशवी झटकून खुंटीला लावली. तेव्हा पावाच्या कपाटाला कुलूप घाल, आणि किल्ली एलोफभाऊजींकडे दे. तुझा काही भरवसा नाही. तू माझीच बहीण.