वेसीचं तांबडं पाणी

कंबारा बेट,
१८ ऑगस्ट १९६१

प्रिय विलिसोनीदादा,

आम्ही बरे आहोत, तुम्हीही सगळे बरे असाल. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

तुझं पत्र काल बोटीने आलं. बाबांच्या नावे होतं, मी फोडलं. सुतारकीची तासणी टाकून सुवा शहरात कारकुनी करायला गेलास, सात वर्षं दोन ओळी नाहीत, आणि आता विचारतोस काय, तर नव्या घराला लाकूड कुठलं लावू.

वेसीच लाव. वाळवी तिला तोंड लावत नाही. जड असते, एका दाराला दोन माणसं घे. भोक पाडल्याशिवाय खिळा ठोकलास तर वाकेल. नवी फळी दोन महिने पावसात ठेव. तांबडं पाणी सोडेल, सोडू दे. नाहीतर भिंतीवर ओघळ येतात, ते घासून जात नाहीत.

हे बाबांनी सांगायचं होतं. ते गेले, दादा. जुलैच्या तिसाव्या तारखेला, सकाळी.

पुरायची पेटी मी केली. सुकी फळी घरात नव्हती, ओल्या वेसीचीच केली. सुताराच्या घरात असं कोणी करत नाही. नेताना पाऊस आला. पेटी टेकवली तिथे झाडाच्या सालीचं पांढरं कापड अंथरलं होतं, ते तांबडं झालं.

उनाइसी आत्या म्हणाली, "बघा, म्हातारा थोरल्यासाठी रक्त रडतोय. जिवंतपणी मेल्याने एकदा नाव काढलं नाही."

बायका रडल्या. मला रडू आलं नाही. ते लाकडाचं पाणी आहे हे मला ठाऊक होतं.

आत्याचं चुकलं. नाव काढलं होतं. मे महिन्यात अंथरूण धरलं तेव्हा म्हणाले, "विलिसोनीला कळव. म्हणावं, तासणी नको धरूस, नुसता ये." मी हो म्हटलं. त्यानंतर दोन बोटी गेल्या, मी चिठ्ठी दिली नाही. बोट लागली की विचारायचे, "आला का रे?" मी सांगायचो, "नाही आला."

मी राहिलो, त्यांची बोलणी खाल्ली, आणि शेवटी हवा होतास तू. याचा राग आला. दुसरं कारण नाही. आता रागही नाही, काहीच वाटत नाही.

इकडे येणारी पुढची बोट वीस सप्टेंबरला आहे. ये म्हणायचं तोंड मला नाही.

त्यांना दोनदा 'नाही आला' म्हणणारा,
तुझा धाकटा भाऊ,
साकियुसा