फक्त गवतावर वाढलेली

पिनर
२४ मार्च १९९६

ती. सौ. सुलक्षणाताईस,
शि. सा. न. वि. वि.

बुधवारपासून टीव्हीवर दुसरा विषय नाही. गाईंना होणारा तो मेंदूचा रोग माणसांत आला असावा, असं सरकारने अखेर पार्लमेंटमध्ये कबूल केलं. दहा वर्षं हेच लोक छातीठोकपणे सांगत होते की काही काळजी करू नका. दुकानात सकाळपासून गिऱ्हाइकं औषधाऐवजी सल्ला मागतायत. एका बाईंनी विचारलं, मुलाने परवा बर्गर खाल्ला, आता कुठली गोळी द्यायची? मी फार्मसिस्ट आहे, देव नाही, असं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. वैजयंतीच्या शाळेने स्कूल डिनरमधून बीफ काढून टाकलं. आपल्या घरात त्याने काय फरक पडणार म्हणा.

मला राग कशाचा येतो सांगू? गाय हे गवत खाणारं जनावर. तिला मेलेल्या जनावरांची हाडं आणि मांस दळून, खुराकात मिसळून खाऊ घातलं. आणि हे करणारे लोक स्वतःला सुधारलेले म्हणवून मिरवतात! रागावू नकोस ताई, पण ॲलनांशी लग्न करून तूही मांसासाठी गाई पाळायच्या त्यांच्याच धंद्यात शिरलीस. मी वीस वर्षं यावर अवाक्षर काढलं नाही असं लिहिणार होतो, पण सुप्रभा खांद्यावरून वाचते आहे आणि तिला हसू आवरत नाही.

ॲलनना नमस्कार. तब्येतीला जप, आणि लहान भावाचं तोंड फाटकं आहे हे जुनंच समजून लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
माधव


नेदरबर्न, पीबल्सजवळ, स्कॉटलंड
३ एप्रिल १९९६

चि. माधव यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी फाडणार होते. मग ॲलनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, माधवचं बरोबर आहे, फक्त पत्ता चुकला. मी त्याच्याइतकी शांत नाही.

नीट ऐक. आमच्या चौतीस गाई. डोंगरउतारावरचं गवत, हिवाळ्यात सुकं गवत आणि शेतातले सलगम, याखेरीज त्यांच्या पोटात काही जात नाही. ॲलनच्या वडिलांपासून या गोठ्यात खुराकाचं पोतं आलेलं नाही. तू इथे आलास की त्याला चिक्कू म्हणून चिडवतोस ना, त्याच चिक्कूपणामुळे आमच्याकडे एकही गाय आजारी पडली नाही. आणि शिक्षा कुणाला? आम्हाला! तीस महिन्यांपेक्षा मोठ्या जनावराचं मांस आता विकायचं नाही. खुराकावर फुगवलेली जनावरं दीड वर्षात तयार होतात, ती सुटली. आमची गॅलोवे जातीची गाय गवतावर सावकाश वाढते, तिला तीस महिने जेमतेम पुरतात. ज्यांनी घाण खाऊ घातली ते मोकळे, आणि आम्ही आत.

सोमवारी लॅनार्कच्या गुरांच्या बाजारात ॲलन सहा जनावरं घेऊन गेला. रिंगणात एकेक फिरवलं आणि कुणी तोंड उघडलं नाही. सहाच्या सहा परत घेऊन आला. शेत भाड्याचं आहे हे तुला माहीत आहे. हिवाळ्याच्या आत कायमचं गिऱ्हाईक मिळालं नाही तर कळप मोडावा लागेल. ॲलन एकसष्ट वर्षांचा आहे. मोडलेला कळप या वयात कुणी पुन्हा उभा करत नाही.

तर पुढच्या वेळी उपदेश पाठवायचा असेल तर तिकीट वाया घालवू नकोस. सुप्रभाला आणि वैजयंतीला प्रेम. तुलाही, पण थोडं हात राखून.

ताई


पिनर
१९ मे १९९६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चुकलो. सुप्रभाने तुझं पत्र मला दोनदा वाचायला लावलं.

सोबत रविवारच्या पेपरातलं कात्रण आहे. एडिनबरातल्या सात खाटकांनी एकत्र येऊन नवी योजना काढली आहे. पन्नासपेक्षा कमी गाई असलेल्या लहान शेतकऱ्यांचाच माल घ्यायचा, आणि दुकानाच्या काचेवर पाटी लावायची, ‘फक्त गवतावर वाढलेली’. लोक म्हणे अशा दुकानांसमोर रांगा लावतील. मला वाचल्या वाचल्या तुम्ही आठवलात. पिनरच्या देशपांड्यांनी खाटकाची जाहिरात कापून, पाकिटात घालून, फर्स्ट क्लासने पाठवावी, हे आपल्या बाबांनी पाहिलं असतं तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं. पण तुमचा कळप राहिला पाहिजे. फोन नंबर तळाशी आहे, लगेच करा.

कळव. आणि हात राखलेलं प्रेम सोडवून पाठव.

तुझा
माधव


नेदरबर्न
९ जून १९९६

चि. माधवास,
खूप खूप आशीर्वाद.

अरे, घेतायत! त्यांचा माणूस गुरुवारी येऊन दिवसभर हिंडला, चिखलात गुडघ्यापर्यंत बुडाला, गोठा, गवत, नोंदवही सगळं पाहून गेला. तीस महिन्यांच्या आतली आमची सगळी जनावरं दरवर्षी घ्यायला तयार आहेत. ॲलन गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा जेवताना बोलला.

एकच कागद राहिला आहे. आम्ही दोघांनी शपथेवर सही करायची की आज कळपात जिवंत असलेल्या कुठल्याही जनावराने, म्हाताऱ्या गाईंसकट, जन्मात कधीही तयार खुराक खाल्लेला नाही. ॲलन तिथेच सही करत होता. तो माणूस म्हणाला, घाई करू नका, घरच्या सगळ्यांना विचारा, जुलैअखेर पाठवा. मी म्हटलं, विचारायचं कुणाला, गोठ्यात आम्हा दोघांशिवाय पाऊल टाकतं कोण? तरी कागद फळीवर ठेवला आहे. मला ती सही सावकाश करायची आहे. या देशात इतक्या लोकांनी इतकं खोटं सांगितलं, त्यात आपल्याजवळ एक खरी गोष्ट आहे याचा मला माज आला आहे, आणि तो मी उतरू देणार नाही.

हे सगळं तुझ्या कात्रणामुळे. हात राखलेलं सगळं प्रेम सोबत व्याजासकट.

तुझी
ताई


पिनर
२३ जून १९९६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आजचं पाचवं.

सत्त्याऐंशीत आई तुझ्याकडे तीन महिने राहायला आली होती आणि ऑक्टोबरात मी तिला घेऊन जायला आलो होतो. वसुबारसेच्या दिवशी तू आणि ॲलन वासरं विकायला लॅनार्कला गेलात. आई सकाळपासून खिडकीशी बसली होती. उपास तर होताच. अखेर म्हणाली, सवत्स गाईची पूजा करायचा दिवस आणि माझ्या मुलीच्या घरून आजच वासरं खाटकाकडे जातात, मी निदान एका गाईला पोटभर खाऊ घालते. हळदकुंकू तिने आणलंच होतं. मी तिला गाडीत घालून गावात नेलं. घरी आपण गाईला पेंड घालायचो, भुईमुगाची, तिळाची. मी दुकानदाराला म्हटलं, व्यालेल्या गाईला उत्तम खुराक हवा. त्याने एक पोतं दिलं.

ती उंच काळी गाय, कानाला खाच असलेली, वासरू पायाशी घेऊन उभी होती. आईने तिच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि ओंजळीने भरवलं. तिला आणि वासराला. उरलेलं मी दगडी कुंडात ओतलं, तेव्हा आणखी गाई आल्या. किती, ते आठवत नाही. रिकामं पोतं मी गाडीच्या बूटमध्ये लपवलं. ॲलन विकतचा खुराक आणत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण मला तो चिक्कूपणाच वाटत होता. शिवाय आई इतकी समाधानात होती की तिच्यावरून वाद नको वाटला.

मार्चमध्ये तुला ते पत्र लिहिलं तेव्हाही मला ही गोष्ट आठवली नाही, यावर विश्वास ठेव. तुझ्या पत्रातलं ‘जन्मात कधीही’ वाचलं आणि पोतं डोळ्यांसमोर आलं. खुराकात मांस-हाडं घालण्यावर बंदी अठ्ठ्याऐंशीत आली. त्याआधीच्या खुराकात काय असायचं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे.

मी विचार केला आहे. एकच पोतं, नऊ वर्षांपूर्वी, आणि रोग व्हायचा असता तर एव्हाना झाला असता. आई गेली. ही गोष्ट तू आणि मी सोडून कुणाला माहीत नाही. ॲलनना सांगू नकोस. सही कर.

माझ्यावर लोभ ठेव असं लिहायचा धीर होत नाही.

माधव


नेदरबर्न
२७ जून १९९६

माधव,

आशीर्वाद लिहिलेला नाही, तो चुकून राहिला असं समजू नकोस.

तू मला शिकवलंस. गाय गवत खाणारं जनावर, तिला मांस खाऊ घालणारे हे लोक! आणि माझ्या गोठ्यात ते आणलं कुणी? ज्याने माझ्या लग्नात जेवणाला हात लावला नाही, ज्याला माझ्या स्वयंपाकघरातल्या सुरीचीसुद्धा किळस वाटते, त्याने. कुंकू लावून! आई मरेपर्यंत पुण्यात सगळ्यांना सांगत होती की तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वसुबारस स्कॉटलंडमध्ये झाली. मी समजत होते की तिने नुसती पूजा केली. आई आज नाही हे बरं झालं, असं काल माझ्या तोंडून निघालं, आणि त्याबद्दल मी तुला कधी माफ करीन की नाही मला माहीत नाही.

पोत्यात काय आहे ते तुला कळलं नसतंच. तेव्हा वर लिहायचेच नाहीत, त्या दुकानदारालाही माहीत नसेल. मी तुला त्याचा दोष देत नाही. तू पोतं लपवलंस याचा देते. त्या संध्याकाळी एक शब्द बोलला असतास तर ॲलनने आरडाओरडा केला असता, वहीत तारीख लिहिली असती आणि गोष्ट तिथे संपली असती.

आणि ‘तू आणि मी सोडून कुणाला माहीत नाही’? माधव, हेच वाक्य दहा वर्षं या देशात प्रत्येकजण आपापल्या ऑफिसात बसून म्हणत होता. आज त्या रोगाने तरणी पोरं मरतायत. तू औषधं देतोस ना रे? आणि मला म्हणतोस सही कर.

न सांगता मेला असतास तर मी खरं समजून सही केली असती. आता मला तीही करता येत नाही.

सुलक्षणा


पिनर
४ जुलै १९९६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस त्यातला एक शब्दही मी परत करत नाही.

फक्त एक ऐक. मला वाटायचं की तू आम्हाला सोडून त्यांच्यात गेलीस, आणि त्या दिवशी आईला खूश करून मी तुझ्या घरात तुझ्यावर मात केली होती. पोतं लपवण्यामागे तेही होतं. सुप्रभालाही हे मी काल पहिल्यांदा सांगितलं.

ॲलनना मी स्वतः सांगतो. शनिवारच्या ट्रेनने येतो. घरात घेतलं नाहीस तर गावात राहीन.

माधव


नेदरबर्न
२० ऑक्टोबर १९९६

चि. माधवास,
आशीर्वाद.

तू जुलैत येऊन गेलास त्यानंतर मी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही ठरत नव्हतं. आता ठरलं.

तू सांगितलंस तेव्हा ॲलन उठून डोंगरावर निघून गेला, ते तू पाहिलंसच. तू गेल्यावर त्याने जुन्या वह्या काढल्या. त्या ऑक्टोबरात खालच्या कुरणात कोण कोण होतं ते एकेक नाव शोधून काढलं. त्यातल्या पाच अजून जिवंत होत्या. मग त्याने एडिनबराला पत्र लिहिलं, दोनच ओळींचं: एक पोतं, ऑक्टोबर सत्त्याऐंशी, पाच गाई. मी म्हटलं, जरा समजावून लिही, का झालं ते सांग. तो म्हणाला, त्यांनी का ते विचारलेलं नाही.

पंधरा दिवस उत्तर आलं नाही. आलं ते असं: या पाच गाई कळपातून गेल्या तर उरलेल्या कळपासाठी कागद खरा ठरतो, मग सही करा, आम्ही घेतो. म्हाताऱ्या गाई आता बाजारात विकता येत नाहीत, सरकार मारून जाळतं. त्यासाठीसुद्धा नंबर लावावा लागतो. आमचा नंबर लागायला ऑक्टोबर उजाडला. तीन महिने मी रोज त्या पाचजणींना गवत घातलं. पाचहीजणी ठणठणीत होत्या. एकीचीही चाल बिघडलेली नव्हती.

परवा ट्रक आला. चार चढल्या. पाचवी ती उंच काळी, कानाला खाच असलेली. आता तेरा वर्षांची. ट्रकवर चढायच्या फळीपाशी येऊन उभी राहिली आणि हलेना. ड्रायव्हर काठी घ्यायला लागला. ॲलनने त्याला थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी फळीवरून आत चालत गेले. मागे वळून पाहिलंही नाही. ती माझ्या मागे आली.

घरी येऊन आम्ही दोघांनी कागदावर सह्या केल्या. कळप राहिला.

मला राग तुझा येत होता, सरकारचा येत होता, त्या खुराकवाल्यांचा येत होता. तो सगळा अजून आहे, कमी झालेला नाही. पण आज सकाळपासून सगळ्यात जास्त राग येतोय तो ती माझ्या मागे आली याचा.

सुप्रभाला आणि वैजयंतीला प्रेम. तुझ्यावर आहे की नाही ते थोडे दिवस विचारू नकोस. पत्र मात्र पाठवत जा.

ताई