चादरीवरचे दोन ठिपके

रविवार, इंदिरानगर

आमची लेक मीनू शाळेत होती तेव्हा हे अंबडच्या कारखान्यातून आले की चहाआधी तिला बॅटिंगसाठी गच्चीवर बॉल टाकायचे. मी मेथी निवडत बघत बसायचे. पक्षाघातानंतर ह्यांचा उजवा हात उठत नाही. म्हणून मीनूच्या लेकीसाठी, सईसाठी, ह्यांनी बॉल फेकणारं यंत्र केलं, तेही एकट्या डाव्या हातानं.

आज चाचणी. समोर जुनी चादर, आणि बॉल गेरूत बुडवून द्यायचं काम माझं. वीसपैकी अठरा ठिपके ताटाएवढ्या जागेत! मी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या? ते दोन वर गेले. सईच्या तोंडावर बसले असते. नाही द्यायचं तिला."

ते दोन ठिपके! किती चेहरा उतरला ह्यांचा. मग मलाच आठवलं, शेवटचे दोन बॉल मी जरा जास्तच भिजवले होते. तसं सांगून टाकलं.

"अगं, सडा घालतेस का? ओला बॉल चाकांत घसरणारच!"

मग बॉल कोरडे ठेवले, गेरू चादरीलाच फासला; बॉल लागेल तिथला उडायचा. वीसच्या वीस जागेवर. ते दोन ठिपके माझे होते, ह्यांचे नव्हतेच. काय नेमका माणूस आहे!

उद्या यंत्र सईला द्यायचं, हेल्मेटसकट. ह्यांनी यंत्राची मापं लिहिली ती वही मात्र कुणाला नाही. डाव्या हाताच्या असल्या अक्षराला आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी पट्टी मारली असती. ती वही माझ्याकडे राहील.