फ्लॉपीतली विहीर

औरंगाबाद, ६ एप्रिल २०१६

चि. सौ. शैलास,
व्यंकटदादाचे अ. उ. आ.

फोनवर मला तुझं ऐकू येत नाही आणि मी बोललो की तुला वाटतं भांडतोय. म्हणून पत्रच बरं. इथं नळाला आठ दिवसांनी पाणी. टँकर आला की बादल्यांची लढाई.

आमच्या सोसायटीत जुनी विहीर होती, आठवते? चौऱ्याण्णवला तिच्यात शेळी पडली, तेव्हा वर फरशी टाकून माती लोटली. आता जागा कुणालाच सांगता येईना. अध्यक्ष साहेबराव तर म्हणतात, विहीर नव्हतीच. मला पक्का संशय आहे, ती त्यांच्या मोटारीच्या शेडखाली आहे. मी सेक्रेटरी असताना मोजमाप घरच्या कॉम्प्युटरवर उतरवलं होतं. कागद वाळवीनं खाल्ले, पण फ्लॉप्यांचा डबा तुझ्याकडं आहे. तो एसटीच्या पार्सलनं धाड. यूएसबीला लावून फ्लॉपी वाचायचं यंत्र मागवलं आहे.

लोभ आहेच, डबाही असावा.
दादा

पैठण, ११ एप्रिल

ती. दादास,
शैलाचा सा. न. वि. वि.

डबा पाठवला. अकराही फ्लॉप्या शाबूत. यांना व्हायरस लागतो, जप, असं तू देताना बजावलं होतंस. म्हणून पैठणीच्या ट्रंकेत ठेवून दरवर्षी कडुनिंबाचा पाला बदलत आले. हे हसतात, पण आजवर एक किडा दिसला नाही.

धरणाच्या काठी राहून आम्हीही हंडे घेऊन फिरतोय. विहीर सापडो, पण तू म्हणे सभेत साहेबरावांना विहीरचोर म्हणालास. वहिनीनं कळवलं. जरा दमानं घे.

माया आटू देऊ नकोस.
शैला

औरंगाबाद, १९ एप्रिल

चि. सौ. शैलास अ. उ. आ.

यंत्रानं घरघर करून आधी तुझ्या पाल्याचा भुसा बाहेर टाकला. ब्रशनं साफसूफ केल्यावर सात फ्लॉप्या वाचल्या. त्या पेनड्राइव्हवर उतरवल्या. तीन नुसत्याच खरखरल्या. उरलेल्या एकीत माझ्या कविता निघाल्या, तिची कॉपी घेतली नाही.

मोजमाप मिळालं. टेप घेऊन तीनदा मोजलं. शैला, विहीर माझ्या बैठकीखाली आहे. अठ्ठ्याण्णवला मी बदलीवर बीडला असताना मिस्त्रीनं ही खोली पुढं वाढवली. खाली दगडी फरशी आयतीच आहे, पाया नको, असं तो म्हणाल्याचं तुझ्या वहिनीला आता आठवतंय. ती सोफ्यावर बसत नाही. खोली सोसायटीच्या जागेत गेलीय, तेही कळलं. फाइल अजून माझ्याशिवाय कुणी पाहिलेली नाही. काय करू?

तुझा
दादा

पैठण, २४ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

कुणी पाहिलेली नाही, हे वाक्य मला आवडलं नाही. तुझ्या गल्लीत बाया टँकरमागं पळतात आणि तू विहिरीवर सोफा टाकून बसतोस? सभेत फाइल वाच. आधी साहेबरावांची माफी, मग फरशी.

रागावले असले तरी तुझीच,
शैला

औरंगाबाद, ८ मे

चि. सौ. शैलास अ. उ. आ.

फाइल सभेत वाचली. साहेबरावांपुढं हात जोडले. वाटलं, आता जाहीर उद्धार होणार. ते एवढंच म्हणाले की एकट्यानं पाडू नका, पाठ धरेल. दुसऱ्या दिवशी पहार घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. बैठक पाडायला दोन दिवस लागले. फरशी सरकली तेव्हा खाली दोन पुरुष खोल पाणी. साहेबरावांनी टोपी काढली.

पाणी तपासून घेतलं, धुण्याभांड्याला चालतं. तीन भिंती गेल्या, दाराची चौकट तेवढी उभी आहे. बाया तिथं सवयीनं चपला काढतात, आत येतात आणि पोहरा सोडतात.

तू कधी येतेस? वाट पाहतो, लोभ वाढवावा.
दादा